आम्ही बिळातले

पुस्तकाचं परीक्षण करण्याचा मला काडीचा अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मी कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. आजवर मी परीक्षण केलं ते फक्त सह्यांचं. चेकवरची सही आणि आमच्याकडची नमुन्याची सही शेजारी शेजारी धरायची आणि डोळे बारीक करून बघायचं. 'सही जुळत नाही' असा शेरा मारून मी जितके चेक परत पाठवले असतील, तितक्या कादंबऱ्या 'लेखक अनुभवाशी प्रामाणिक नाही' म्हणून एखाद्या नामवंत समीक्षकानंही परत पाठवल्या नसतील. तसं पाहिलं तर दोघांचं म्हणणं एकच.

तेव्हा इथेही मी तेवढंच करणार आहे. जे. आर. आर. टोल्किन नावाच्या इंग्रज प्रोफेसरानं बुटक्या आणि घरकोंबड्या लोकांची एक जमात कल्पनेनं उभी केली. तिचं नाव हॉबिट. या जमातीचा नमुना आमच्या सातारा-सांगलीच्या खातेवहीत अगोदरपासून आहे, अशी मला दाट शंका आहे. सही जुळते का ते बघू.

या प्रकरणाची सुरुवात आमच्या कन्येनं केली. मे महिन्याच्या सुट्टीत तिनं माझ्यापुढे एक पुस्तक टाकलं आणि म्हणाली, "बाबा, हे वाचा. यात तुम्ही आहात." आपल्या मुलीला आपण पुस्तकात दिसावं, याहून बापाला आणखी काय हवं? मी चष्मा पुसून बसलो. दोन पानांतच नायकाचं वर्णन आलं. नायक पन्नाशीचा. पोट सुटलेलं. राहतो जमिनीतल्या बिळात. स्वयंपाकघराशेजारी कोठीच्या खोल्या अनेक. दारात कुणी साहसाची गोष्ट काढली की 'आज नको, पुन्हा कधीतरी या' म्हणून आत जातो आणि दुसरा नाश्ता करतो. नाव बिल्बो. "बिळात राहतो म्हणून बिल्बो का ग?" असं मी विचारलं, तेव्हा कन्येनं कपाळाला हात लावला.

त्याच संध्याकाळी माझ्या शर्टाच्या खिशात एका कागदाची घडी होती. बँकेचं प्रमोशनचं सर्क्युलर. कारकुनाचा ऑफिसर व्हायचं, चार पैसे जास्त मिळवायचे आणि मोबदल्यात बँक म्हणेल त्या गावी जायचं. ते गाव कराड असू शकतं, कटिहारही असू शकतं. यापूर्वी मी दोनदा नकार कळवला होता. कारणाच्या रकान्यात दोन्ही वेळा लिहिलं होतं : 'आईची प्रकृती'. हे तिसरं वर्ष. घडी खिशात ठेवून मी बिल्बोकडे वळलो. दुसऱ्याच्या घरकोंबडेपणावर वाचताना आपल्याला स्वतःचा विसर पडतो, असा माझा समज होता.

आता हे हॉबिट म्हणजे कोण? उंची दोन ते चार फूट. पायांत वहाणा नाहीत. तळवेच चामड्यासारखे, वर दाट केस. कपड्यांत आवड हिरव्या आणि पिवळ्या रंगाची. म्हणजे आमच्या सांगलीतल्या लग्नात हळदीच्या दिवशी सगळा मांडव जसा दिसतो, तसे हे लोक बारा महिने दिसतात. त्यांच्या मुलखाचं नाव शायर. या नावानं आमच्या आईची फसगत झाली. "शायर म्हणजे ते दाढीवाले, शाल पांघरून वाहवा वाहवा करणारे ना रे?" तिला समजावलं, की हा जिल्हा आहे. त्याचे चार भाग आहेत, आणि एका भागातला माणूस दुसऱ्या भागातल्या माणसाला विचित्र समजतो. आई म्हणाली, "मग सरळ सातारा जिल्हा म्हण की!"

आईचं म्हणणं चुकीचं नाही. आमचा जिल्हा मुळात एकच होता. १९४९ साली त्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. पण आजही साताऱ्याचा माणूस सांगलीत आला की त्याला परदेशात आल्यासारखं वाटतं. मी स्वतः नोकरीसाठी साताऱ्याहून सांगलीला आलो, हे माझ्या आयुष्यातलं एकमेव साहस. सव्वाशे किलोमीटर अंतर. कृष्णामाई माहुलीवरून निघून सांगलीला येते, ती वाटेत कुरकुर करत नाही. मी मात्र वर्षभर करत होतो. साताऱ्याचा कंदी पेढा हा पेढा, बाकी सगळा खवा, असं मी सासरी म्हणालो, तेव्हा सासऱ्यांनी शांतपणे भडंगाची परात पुढे सरकवली आणि म्हणाले, "जावईबापू, आधी हे खा. मग बोला." खाल्लं आणि बोललो नाही. हॉबिटांचे तंटे साधारण याच पातळीवर सुटतात.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. हॉबिट दिवसातून सहा वेळा जेवतात, मिळालं तर. हे 'मिळालं तर' मला फार आवडलं. खरा खवय्या कधी गर्व करत नाही. पण आमच्या सौ.नं हे ऐकलं आणि परीक्षणातला पहिला गंभीर आक्षेप नोंदवला. "सहा वेळा खातात ते ठीक आहे. भांडी कोण घासतं?"

मी पुस्तक चाळलं. उत्तर सापडलं, आणि ते लेखकाच्या बाजूचं निघालं. बिल्बो ब्रह्मचारी. केक स्वतः भाजतो, चहा स्वतः टाकतो. तेरा बुटके अचानक त्याच्या घरी जेवायला येतात, कोठी रिकामी करतात, आणि मग गाणं म्हणत म्हणत सगळी भांडी घासून, पुसून ठेवतात. एक बशी फुटत नाही. सौ. म्हणाली, "असे पाहुणे असतील तर तेरा काय, तीस बोलवा." मी विषय बदलला. पण मोठ्या पुस्तकात, म्हणजे १९५४-५५ साली आलेल्या तीन भागांच्या कादंबरीत, पुष्कळ पुरुष घराच्या आठवणीनं व्याकूळ होतात आणि त्या घरात दिवसभर राबणाऱ्या बायका फारशा बोलत नाहीत, हे मात्र खरं आहे. घराचं प्रेम हे बरंचसं आयत्या ताटाचं प्रेम असतं की काय, हा सौ.चा प्रश्न मी लेखकाच्या खात्यावर नावे टाकून ठेवतो. थोडा माझ्याही.

घरांबद्दल बोलायचं तर गोल दाराची बिळं ही कल्पना इंग्रजांना अद्भुत वाटली असेल. सांगलीकराला वाटणार नाही. सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. तिथल्या मातीत पिढ्यान् पिढ्या हळदीची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं खोल कोठार. वर तोंड अरुंद, आत पोट मोठं. पोती सोडायची, तोंड बंद करायचं, वर्षानुवर्षं हळदीला कीड नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आतली कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ द्यायची, हा तिथला नियम. २००५च्या महापुरात पुष्कळ पेवं गेली. पण हळद मातीच्या पोटात सुरक्षित असते, माणूस तेवढा मातीच्या वर राहतो, असं ज्या गावानं पाहिलं आहे, त्याला बिल्बोच्या घराचं नवल काय? बिल्बोनंही कोठ्याच भरून ठेवल्या होत्या.

पुढची खूण. हॉबिटांना वंशावळींचं विलक्षण वेड. कोण कुणाचा चुलत, कोण कुणाचा मावस, कोणाची आजी कुठल्या गावची, हे न सांगता ते बोलणं सुरू करू शकत नाहीत. माझ्या काउंटरवर रोज हेच चालतं. नवीन खातेदाराला मी नाव विचारतो. तो म्हणतो, "पाटील." मी विचारतो, "कुठले?" तो गाव सांगतो. मी विचारतो, "म्हणजे वरल्या आळीतले की खालच्या?" मागे रांग उभी असते, पण रांगेतलं कुणी तक्रार करत नाही, कारण तेही कान देऊन ऐकत असतात. आधार कार्डानं माणसाची ओळख पटते, असं सरकार म्हणतं. आमच्याकडे ती मामाच्या गावानं पटते.

आणि मग ती वस्तू. हॉबिटांच्या भाषेत 'मॅथम' असा एक शब्द आहे. ज्या वस्तूचा उपयोग नाही, पण जी टाकवतही नाही, ती मॅथम. अशा वस्तू घरोघर साठतात, आणि भेट म्हणून या हातातून त्या हातात फिरत राहतात. हा शब्द वाचला आणि मी पुस्तक मिटून माळ्याकडे पाहिलं. माळ्यावर स्टीलचे सात डबे, तीन भिंतीवरची घड्याळं, एक प्लास्टिकचा ताजमहाल आणि ब्लाउजपिसांचं एक गाठोडं. आमच्या लग्नात आलेला एक डबा आम्ही २००९ साली एका मुंजीत दिला. तो चार लग्नं, दोन वास्तुशांती आणि एक निवृत्ती समारंभ करून पुन्हा आमच्याकडे आला. बुडाशी सौ.नं खिळ्यानं कोरलेली खूण तशीच होती. नोटा चलनात फिरतात त्याहून डबे जास्त फिरतात, आणि रिझर्व्ह बँक त्यांच्यातला एकही बाद करू शकत नाही.

कॉमर्सच्या माणसाला मात्र या वाङ्मयात खरा आनंद मिळतो तो कागदपत्रांत. हॉबिटांच्या मृत्युपत्रावर सात साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि त्या तांबड्या शाईत. वाचून माझे डोळे पाणावले. बुटके बिल्बोला खजिना चोरायच्या मोहिमेवर नेतात, तेव्हा त्याला रीतसर करारपत्र देतात. नफ्याचा चौदावा हिस्सा, तोही नफा झाला तर. प्रवासखर्च त्यांच्याकडे. अंत्यविधीचा खर्चही त्यांच्याकडे, गरज पडल्यास. ड्रॅगनच्या गुहेत जाणाऱ्याला इतकी स्पष्ट कलमं लिहून देणारा दुसरा लेखक मी पाहिलेला नाही. आमच्या कर्जाच्या फॉर्मची कलमं यापुढे फिकी आहेत. एवढ्या मोठ्या मुलखात एकही बँक मला आढळली नाही, बिल्बो सोनंनाणं पेटीत भरून घरी ठेवतो, हा दोष सांगणं माझं कर्तव्य आहे. बाकी हिशेब चोख.

असो. इथपर्यंत सही जुळली, असं म्हणायला हरकत नाही. पण एवढ्यावर मी थांबलो असतो, तर हा लेख म्हणजे 'तेही आमच्यासारखेच' अशा थाटाचं कौतुक झालं असतं. अडचण पुढे आहे.

शाखेतल्या माझ्या एका सहकाऱ्यानं जेवणाच्या सुट्टीत माझ्या हातात पुस्तक पाहिलं. ते तीन राज्यांत नोकरी करून, निवृत्तीला दोन वर्षं राहिली म्हणून सांगलीला आलेले. म्हणाले, "भाऊ, हे सगळं पळपुट्यांचं वाङ्मय. ज्यांना घराबाहेर पडायची भीती वाटते, त्यांना घर आवडतं." मी डब्यातली मेथी खात राहिलो. खिशातल्या सर्क्युलरची घडी मात्र मला टोचली. घर आवडतं म्हणून आपण राहिलो, की भीती वाटते म्हणून राहिलो आणि तिला 'घर आवडतं' असं नाव दिलं? दोन खाती एकाच नावावर असली की घोटाळा होतो. माझा तोच झाला होता.

तेव्हा या हॉबिटांचा बाप कोण, हे बघायला मी निघालो. टोल्किन १८९२ साली दक्षिण आफ्रिकेत, ब्लूमफॉन्टेन इथे जन्मले. इंग्रज घरातला मुलगा तिकडे कसा? तर वडिलांच्या नोकरीमुळे. आणि वडील कुठे नोकरीला? सांगतो, आणि हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. बँकेत! आर्थर टोल्किन हे बर्मिंगहॅमला बँकेत होते. तिथे बढतीची रांग लांब. म्हणून ते आफ्रिकेत गेले आणि ब्लूमफॉन्टेनला शाखेचे मॅनेजर झाले. १८९५ साली बायको दोन मुलांना घेऊन माहेरी इंग्लंडला आली. आर्थर मागून येणार होते. टोल्किनना वडिलांची एकच स्पष्ट आठवण राहिली : ट्रंकेच्या झाकणावर रंगानं आपलं नाव लिहिणारे वडील. ज्या घरात बदलीची ट्रंक असते, त्या घरातल्या मुलाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. फेब्रुवारी १८९६मध्ये चार वर्षांच्या मुलानं वडिलांना पाठवायला एक पत्र सांगून लिहवून घेतलं. ते गेलंच नाही. वडिलांची प्रकृती बिघडल्याची तार आली, आणि दुसऱ्या दिवशी ते गेले.

त्यानंतर आई मुलांना घेऊन बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात राहिली. पाणचक्की, नदी, झाडं. चार वर्षं. हॉबिटांचा मुलूख आला तो तिथून. पुढे प्रोफेसर झाल्यावर परीक्षेचे पेपर तपासताना एका विद्यार्थ्यानं कोरं सोडलेलं पान हाती आलं, आणि त्यावर त्यांनी हॉबिटाचं पहिलं वाक्य लिहिलं. पुस्तक १९३७ साली आलं. मधल्या काळात ते १९१६ साली सॉमच्या लढाईत खंदकात होते. खंदक हेही जमिनीतलं बीळच, पण त्यात कोठी नसते आणि दुसरा नाश्ता नसतो.

म्हणजे ज्याचा बाप बढतीवर गेला आणि परत आला नाही, त्यानं हे घर बांधलं. भित्र्या माणसानं बांधलेलं घर वेगळं दिसलं असतं. इथे मी चेकवर 'सही जुळते' असा शिक्का मारला.

पण मला वाटलं होतं, की आता लेखक माझ्या बाजूनं निकाल देईल. घरी राहा, म्हणेल. तो तसं म्हणत नाही. मोठ्या पुस्तकात तो घरकोंबड्यांची चांगलीच हजेरी घेतो. शायरमधल्या लोकांना वाटतं, आपण शहाणे आहोत म्हणून आपल्याकडे शांतता आहे. वास्तविक सीमेवर काही फाटके भटके लोक रात्रंदिवस पहारा करत असतात, आणि गावातले लोक त्यांना बघून नाक मुरडतात. कुंपणाबाहेर काय चाललं आहे याची चौकशी कुणी करत नाही. मग त्यांच्यातलाच एक लोथो गुपचूप जमिनी, गिरण्या, शेतमाल विकत घेतो, बाहेरचे गुंड आणतो, आणि एके दिवशी झाडं तोडलेली असतात, धान्य जप्त झालेलं असतं, आणि भिंतीवर नियमांची यादी लागलेली असते. घरावर प्रेम करणाऱ्यांचं घर घरातल्या घरात गेलं. चार हॉबिट जग बघून परत येतात, तेव्हा ते सुटतं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असेल, तर कुंपणही राहत नाही, असा त्याचा अर्थ.

हे वाचताना मला आमच्या जुन्या सातारा जिल्ह्यातले लोक आठवले. १९४३ ते ४६ या काळात इथे प्रतिसरकार होतं, ज्याला लोक पत्री सरकार म्हणत. क्रांतिसिंह नाना पाटलांचं. त्यातली माणसं कोण? कुंडल, वाळवा असल्या गावांतली, शेताच्या बांधाशिवाय दुसरी सरहद्द न पाहिलेली. बिल्बोला बुटक्यांनी घरफोड्या म्हणून नेमलं होतं, ते वाचून आपण हसतो. पण १४ एप्रिल १९४४ला कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी हे खानदेशातल्या साथीदारांबरोबर थेट धुळ्याकडे, चिमठाण्याजवळ, इंग्रजांचा खजिना लुटायला गेले होते. बँकेचा माणूस म्हणून मी खजिन्यावरच्या दरोड्याचं समर्थन करू नये. पण या एकाला माझा अपवाद आहे. आणि पुढे? दोघेही परत आले आणि गावातच राहिले. अण्णांनी वाळव्याला हुतात्म्यांच्या नावानं साखर कारखाना काढला, आणि धरणांपायी ज्यांची घरं बुडाली त्यांच्यासाठी आयुष्यभर झगडले. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसं काही घरावर कमी प्रेम करत नव्हती. आमच्या दिव्यासाठी त्यांचा उंबरा गेला. ज्याला स्वतःचं घर प्यारं असतं, त्यालाच दुसऱ्याचं बुडालेलं घर कळतं. निदान कळायला हवं.

मला हे कळलं ते उशिरा, ऑगस्ट २०१९मध्ये. आम्ही गावभागात राहतो. आयर्विन पुलाजवळ पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. होडीत बसताना मी पासबुकं घेतली, एलआयसीच्या पॉलिसी घेतल्या, रुमाल विसरलो. बिल्बोही रुमाल न घेताच निघाला होता, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. आमच्या शेजारच्या काकू, ज्यांचं आणि आमचं नळावरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं, त्या होडीत आमच्यासमोर बसल्या होत्या. मांडीवर चांदीचा गडू. शाळेत नेऊन ठेवलं तिथे काकूंनी पहिल्याच संध्याकाळी गडू बाजूला ठेवला आणि चूल ताब्यात घेतली. आसपासच्या, पाणी न आलेल्या गावांतून भाकरी यायला लागल्या. गठ्ठ्यांनी, टेंपोनं. कुठल्या चुलीवरच्या, कुणाच्या, काही पत्ता नाही. त्या भाकरीला वंशावळ नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी 'कुठले तुम्ही?' असं न विचारता जेवलो.

पुस्तकात एक लोबेलिया नावाची म्हातारी आहे. बिल्बोचे चांदीचे चमचे लांबवल्याचा तिच्यावर संशय, स्वभावानं खाष्ट, हातात कायम छत्री. शायरमध्ये गुंड येतात तेव्हा बहुतेक पुरुष गप्प बसतात, आणि ही छत्री उगारून अंगावर जाते, तुरुंगात पडते. मरताना आपले सगळे पैसे बेघर झालेल्यांसाठी ठेवते. पहिल्या भागात जिला आपण हसलो, तिच्यापाशी शेवटी आपण मान खाली घालतो. टोल्किननं शेकडो राजे-सरदार लिहिले असतील. मला विचाराल तर लोबेलिया हे त्याचं उत्तम काम. काकूंशी आमचं बोलणं आता आहे. नळावरून अधूनमधून भांडणंही आहेत.

एक गोष्ट मात्र लेखकानं लपवलेली नाही, आणि तिच्यासाठी मी त्याला मानतो. फ्रोडो, बिल्बोचा वारस, घर वाचवण्यासाठी जातो, वाचवतो, परत येतो, आणि त्याला तिथे राहवत नाही. जखम भरत नाही. घर वाचतं, पण त्याच्यापुरतं नाही. त्याचा माळी सॅम मात्र राहतो, संसार करतो, सात वेळा गावाचा प्रमुख म्हणून निवडून येतो. सबंध पुस्तकभर सॅम फ्रोडोला मालकाच्या सुरात हाक मारतो, ते आज खटकतं. पण शेवटी घराची किल्ली येते ती माळ्याच्या हातात. एवढा हिशेब लेखकानं चुकता केला आहे.

मराठीत हे दोन्ही ग्रंथ आले आहेत. 'हॉबिट' मीना किणीकरांनी आणला, तीन भागांचं मोठं प्रकरण मुग्धा कर्णिकांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावानं. मी मूळ आणि मराठी शेजारी शेजारी ठेवून वाचलं, कारण दोन्ही बाजू जुळल्याशिवाय मला झोप लागत नाही. मूळ 'हॉबिट'ला एक उपशीर्षक आहे : तिकडे जाणं आणि पुन्हा माघारी येणं, अशा अर्थाचं. त्यावर मी बराच वेळ विचार करत बसलो होतो. तेवढ्यात आईनं हाक मारली.

"काय रे, तिसऱ्यांदा आलंय म्हणे ते सर्क्युलर?" कन्येनं फितुरी केली होती.

"हो. यंदाही नाही म्हणून कळवतो. तुझी प्रकृती..."

"माझ्या प्रकृतीला काय धाड भरलीय? दोन वर्षं माझं नाव लावून घरात बसलास, मला माहीत नाही होय? नको असेल तर नको म्हण. पण माझ्या नावावर नको."

मी कागद उलगडला. नकाराचं कारण, असा रकाना होता. खरं कारण लिहायचं ठरवलं आणि पेन घेऊन बसलो. दोन ओळींची जागा. 'घर आवडतं' असं लिहिलं. वाचून पाहिलं. सही माझीच होती, पण जुळेना. ते खोडलं आणि मग खाली, 'संमती आहे' याच्यापुढे खूण केली. तसं अजून काही ठरलेलं नाही. परीक्षा आहे, मुलाखत आहे, आणि माझं सामान्यज्ञान पाटील कुठले यापलीकडे फारसं जात नाही.

सकाळी फॉर्म द्यायला निघालो. दारात चपला घालताना सवयीनं म्हणालो, "जातो."

"जातो म्हणू नये," आई आतून म्हणाली. "येतो म्हणावं."

त्या इंग्रज प्रोफेसराला उपशीर्षकासाठी एवढे शब्द का लागले, ते तेव्हा कळलं. त्याच्या भाषेत हा शब्द नसावा. त्याच्या वडिलांनी १८९५ साली बायकोमुलांना निरोप देताना जे काही म्हटलं असेल, त्याचाही अर्थ हाच असणार.

"येतो," मी म्हणालो, आणि खिशात रुमाल आहे की नाही ते चाचपून पाहिलं. नव्हता. परत आत जाऊन घेतला.